साडेपाचशे डॉलरचा इतिहास : अमेरिकेतील अवजड ट्रक आणि रस्त्याची किंमत

अमेरिकेत ५५,००० पौंड (सुमारे २५ टन) किंवा त्याहून अधिक भारक्षमतेचा ट्रक महामार्गावर आणायचा असेल, तर मालकाला दरवर्षी केंद्र सरकारचा ‘अवजड वाहन वापर कर’ भरावा लागतो. त्यासाठीच्या अर्जाचा क्रमांक २२९०. कर भरल्याचा शिक्का असलेले पत्रक दाखवल्याखेरीज राज्याचे कार्यालय अशा ट्रकची नोंदणी करीत नाही. या कराची कमाल रक्कम ५५० डॉलर आहे. ती १९८४ साली ठरली आणि तेव्हापासून एका डॉलरनेही वाढलेली नाही.

आपल्याकडची जकात मालावर होती. गाडीत कापूस आहे की कापड, यावर तिचा दर ठरे. अमेरिकेतला हा कर मात्र मालाकडे पाहतच नाही. तो फक्त वजन पाहतो, कारण त्याच्या मुळाशी प्रश्न एकच आहे : रस्ता कोण झिजवतो आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे?

हा प्रश्न ऐरणीवर आला १९५५ साली. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना देशभर द्रुतगती महामार्गांचे जाळे हवे होते; त्याविषयी फारसे दुमत नव्हते. भांडण होते ते खर्चाचे. प्रतिनिधिगृहात जॉर्ज फॅलन यांनी मांडलेल्या विधेयकात डिझेल आणि मोठ्या टायरांवर भारी कर सुचवले होते. ट्रकवाहतूकदार, तेल कंपन्या आणि टायर उद्योग एकवटून विरोधात उतरले. २७ जुलै १९५५ रोजी विधेयक १२३ विरुद्ध २९२ मतांनी फेटाळले गेले. रस्ते सर्वांनाच हवे होते, बिल मात्र दुसऱ्याच्या नावे फाटायला हवे होते.

पुढल्या वर्षी तडजोड झाली. इंधनकर गॅलनमागे २ सेंटवरून ३ सेंटवर गेला, सारी रक्कम स्वतंत्र ‘महामार्ग निधी’त जमा करण्याचे ठरले आणि २६,००० पौंडांहून जड वाहनांवर दर हजार पौंडांमागे वार्षिक दीड डॉलर असा नवा कर आला. २९ जून १९५६ रोजी आयझेनहॉवर यांनी या कायद्यावर सही केली ती वॉल्टर रीड रुग्णालयात. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते तेथे उपचार घेत होते. १९६१ मध्ये दीड डॉलरचे तीन डॉलर झाले.

दरम्यान इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ एक विलक्षण प्रयोग चालू होता. १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या वर्तुळमार्गांवर लष्कराचे जवान वेगवेगळ्या वजनांचे ट्रक रात्रंदिवस फिरवत राहिले. रस्ता कधी आणि किती खचतो याची नोंद होत गेली. निष्कर्ष असा की, रस्त्याची हानी वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, तर एका आसावर येणाऱ्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला की हानी सोळापट. मोटारगाडीच्या आसावर एक टन आणि ट्रकच्या आसावर नऊ टन धरले, तर ट्रकचा तो एक आस सुमारे साडेसहा हजार पट नुकसान करतो. दर हजार पौंडांमागे सरसकट तीन डॉलर हा हिशेब या गणिताच्या जवळपासही पोचत नव्हता.

म्हणून १९८२ च्या अखेरीस संसदेने मोठी उडी घेतली. ६ जानेवारी १९८३ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने इंधनकर ४ सेंटवरून ९ सेंटवर नेला. वापर कराची कमाल मर्यादा २४० डॉलरवरून १९८४ मध्ये थेट १,६०० आणि १९८८ पर्यंत १,९०० डॉलर व्हायची होती. राज्यांनी नोंदणीपूर्वी कर भरल्याचा पुरावा मागितलाच पाहिजे, हा दंडकही याच कायद्याचा. मोबदल्यात ८०,००० पौंडांच्या ट्रकांना आणि जोड-ट्रेलरांना देशभरातील आंतरराज्य महामार्ग खुले झाले.

मोठ्या कंपन्यांना हा सौदा परवडणारा होता. स्वतःचाच एकुलता ट्रक चालवणाऱ्या मालकाचे तसे नव्हते. वर्षाला लाखभर मैल धावणाऱ्या ट्रकला आणि दहा हजार मैल धावणाऱ्यालाही कर सारखाच. काम मिळो न मिळो, रक्कम भरायचीच. ३१ जानेवारी १९८३ रोजी स्वतंत्र ट्रकमालकांनी संप पुकारला. चालू राहिलेल्या ट्रकांवर पुलांवरून दगड पडले, गोळ्या झाडल्या गेल्या. पहिल्याच दिवशी उत्तर कॅरोलिनात गोळी लागून एक चालक मरण पावला. तो संपकरी नव्हता, नेहमीप्रमाणे कामावर निघाला होता. दहा-अकरा दिवसांत संप ओसरला.

संपाच्या हिंसेचे समर्थन होऊ शकत नाही; पण संपकऱ्यांच्या तक्रारीत तथ्य होते, हे संसदेनेच पुढे मान्य केले. जुलै १९८४ च्या कायद्याने कमाल कर ५५० डॉलरवर आणला, ५५,००० पौंडांखालील वाहने वगळली आणि भरपाई म्हणून डिझेलवरचा कर ९ सेंटवरून १५ सेंट केला. जो जितका धावेल तितके तो देईल, हे तत्त्व छोट्या मालकाला न्याय्यच वाटावे असे होते. अडचण इतकीच की, भार दुप्पट झाला म्हणून डिझेल सोळापट लागत नाही.

हाच वाद न्यायालयातही पोचला. पेनसिल्व्हेनिया राज्याने २६,००० पौंडांहून जड ट्रकांवर आसामागे ३६ डॉलरचा वार्षिक कर लावला आणि त्याच सुमारास आपल्या राज्यातील ट्रकांचे नोंदणीशुल्क घटवले. परराज्यातून वर्षाला चार खेपा करणाऱ्या ट्रकला मैलामागे कितीतरी अधिक भुर्दंड बसू लागला. २३ जून १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी अशी ठोक आकारणी राज्यघटनेशी विसंगत ठरवली.

वजन आणि अंतर दोन्ही मोजून कर घेणारी राज्ये आजही थोडीच आहेत. न्यूयॉर्क १९५१ पासून १८,००० पौंडांहून जड ट्रकांकडून प्रत्यक्ष धावलेल्या मैलांवर कर घेते. ओरेगॉनचा वजन-मैल कर तर आसांची संख्याही विचारात घेतो : तेच वजन अधिक आसांवर विभागले, तर सर्वात जड ट्रकांना दर कमी पडतो. ओटावाच्या प्रयोगाशी सर्वाधिक सुसंगत हिशेब हाच म्हणावा लागेल. केंद्राच्या अर्ज २२९० वर मात्र ७५,००० पौंडांवरील प्रत्येक ट्रकसाठी आकडा ५५० चाच आहे. केवळ महागाईच्या मापाने पाहिले तरी तो आज जवळपास तिप्पट असता.