डोंगरातला बाजार : हमोंग लोकांच्या इतिहासाचे एक पान

आठवडे बाजाराचे महत्त्व खेड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. बाजार कोणत्या वारी भरतो, यावर सोयरिकीच्या बोलण्यापासून उधारीच्या वायद्यापर्यंत पुष्कळ गोष्टी ठरतात. पण ज्या लोकांना स्वतःचे राज्य नव्हते, शहर नव्हते आणि विसाव्या शतकापर्यंत सर्वत्र चालणारी लिपीही नव्हती, त्यांच्या इतिहासात बाजाराला काय स्थान असेल? उत्तर व्हिएतनाममधल्या हमोंग लोकांची हकीकत ऐकली, की या प्रश्नाचे उत्तर मिळते.

हमोंग हे मूळचे दक्षिण चीनमधले डोंगरी शेतकरी. चीनच्या ग्वेझौ प्रांतात बादशाही सत्तेने त्यांच्या जमिनीवर वसाहती बसवल्या, कर लादले. त्याविरुद्ध तिथल्या डोंगरी लोकांनी मोठी बंडे केली. एक 1795 साली सुरू झाले, दुसरे 1854 पासून जवळजवळ वीस वर्षे चालले. बंडे मोडली गेली आणि हमोंग कुटुंबे डोंगरांच्या रांगा धरून दक्षिणेकडे सरकत राहिली. आज व्हिएतनाममध्ये त्यांची संख्या सुमारे 14 लाख आहे. शेजारच्या लोकांनी आणि पुढे फ्रेंचांनी त्यांना ‘मेओ’ म्हटले. ते नाव त्यांना अपमानाचे वाटते. ते स्वतःला हमोंग म्हणवतात.

हे लोक आले तेव्हा खोऱ्यातली पाण्याची, भाताची जमीन ताय, झाय अशा जमातींच्या ताब्यात होती. उशिरा आलेल्याच्या वाट्याला काय येणार? माथ्याचा डोंगर. कुठे उतारावर पायऱ्या कोरून त्यांनी भात पिकवला; डोंग वानच्या चुनखडी पठारावर तर खडकांच्या फटींत ओंजळभर माती पाहून मका लावला. घरात मका, अंगावर भांगेच्या झाडाच्या सालीचे सूत काढून विणलेले कापड, दारात डुक्कर आणि घोडा. जवळजवळ सारे घरचे. पण एक वस्तू डोंगरात पिकत नाही, ती म्हणजे मीठ. मिठासाठी डोंगर उतरावाच लागे. आपल्याकडे लमाणांचे तांडे कोकणातले मीठ बैलांवर लादून घाटावर आणीत, ते आठवा, म्हणजे मिठाची ताकद ध्यानात येईल. माथ्यावरचा माणूस आणि खोऱ्यातला माणूस यांची गाठ पडावी, देवघेव व्हावी आणि संध्याकाळी ज्याने त्याने आपल्या घरी जावे, अशी जागा म्हणजे हा बाजार.

आता हनोईहून या बाजारांकडे शनिवार-रविवारच्या सहली निघतात. शुक्रवारी रात्री आगगाडीत बसायचे, जवळजवळ तीनशे किलोमीटर जाऊन पहाटे चीनच्या सरहद्दीवरच्या लाओ काय गावी उतरायचे. हा लोहमार्ग फ्रेंचांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घातला. 2014 साली मोठा रस्ता झाल्यापासून मोटारीने हे अंतर चार-पाच तासांत तुटते. वाटाड्या शनिवारी कान काउचा बाजार दाखवतो, रविवारी तिथून सुमारे वीस किलोमीटरवरचा बाक हाचा.

कान काउला उतारावर म्हशींचा बाजार भरतो. गिऱ्हाईक जनावराचे दात पाहते, शिंगे पाहते, अंगावरचे भोवरे पाहते, आणि मग मुकाट्याने दुसऱ्या जनावराकडे वळते. आपल्या बैलबाजारात वावरलेल्या माणसाला दुभाष्याची गरज पडू नये! बाक हा त्याहून मोठा. इथल्या हमोंगांना ‘फुलांचे हमोंग’ म्हणतात, ते बायकांच्या झगमगीत, भरतकाम केलेल्या कपड्यांवरून. एका बाजूला घोडे, एका बाजूला नांगराचे फाळ आणि कोयते, एका बाजूला मक्याची दारू. आणि मोठमोठ्या कढयांत घोड्याच्या मांसाचा रस्सा उकळत असतो. त्याला ‘थांग को’ म्हणतात. कढईभोवती बाकांवर बसून माणसे तासन्‌तास बोलत असतात. दूरच्या डोंगरावर दिलेली बहीण इथेच भेटते, मुलामुलींच्या सोयरिकी इथेच निघतात. खरेदी-विक्री हे निमित्त, गाठीभेटी हे अर्धे काम.

बाजाराचा दिवस सर्वत्र आठवड्याच्या वारावरच ठरतो असे मात्र नाही. डोंग वानच्या पठारावर काही बाजार दर सहा दिवसांनी भरतात. तिकडे दिवसांना बारा प्राण्यांची नावे आहेत. लुंग फिन गावचा बाजार वाघाच्या आणि माकडाच्या दिवशी. या दोहोंत अंतर सहा दिवसांचे. म्हणजे या खेपेला रविवारी भरला, तर पुढच्या खेपेला शनिवारी, मग शुक्रवारी. बाजार वारांत मागे मागे सरकतो. शिक्षकांनी हे गणित वर्गात फळ्यावर मांडून पाहावे. मुलांना मौज वाटेल, आणि आपले सात वार म्हणजे साऱ्या जगाचा नियम नव्हे, हेही कळेल.

हे सारे चित्र गोड आहे. इतिहास मात्र तितका गोड नाही. बाक हाला बाजाराजवळच एक दुमजली वाडा उभा आहे. ह्वांग आ तुओंग आणि त्याचा बाप या ताय सरदारांनी तो 1914 ते 1921 या काळात बांधून घेतला. फ्रेंचांच्या छत्राखाली या खोऱ्यातला कारभार त्यांच्या हाती होता. या वाड्याला पैसा कुठून आला, हे समजायला त्या काळचा व्यापार पाहावा लागतो. फ्रेंच हिंदचीनचा गव्हर्नर जनरल पोल दूमेर याने 1897 नंतर मीठ, दारू आणि अफू या तिन्हींवर सरकारी मक्तेदारी पक्की केली. या तिन्ही वस्तूंचा डोंगराशी संबंध काय तो पाहा. मीठ डोंगराला विकत घ्यावे लागे, दारू तो घरी गाळी, आणि अफू तो पिकवी! उंचावरच्या थंड हवेत खसखशीचे पीक चांगले येते. मक्याच्या रानातच ते घेता येई. मधले दलाल हमोंगांकडून अफू घेत आणि सरकारपर्यंत पोचवीत. नफा खाली राही.

हमोंगाच्या हाती काय येई? चांदी. फ्रेंचांचे चांदीचे नाणे होते, त्याला पियास्त्र म्हणत. ते आटवून हमोंग सोनार गळ्यातल्या जाड हासळ्या घडवीत. बाजारात बायकांच्या गळ्यात जी चांदी दिसते, तिच्यामागे असा इतिहास आहे. कर आणि वेठबिगार यांचा जाच वाढला, तेव्हा 1918 साली पा चाय नावाच्या हमोंग पुढाऱ्याने बंड उभारले. ते तीन वर्षे चालले, लाओसपर्यंत पसरले. फ्रेंचांनी त्याला ‘वेड्याचे युद्ध’ म्हटले. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला वेडे ठरवणे, ही इतिहासातली नेहमीचीच रीत!

सारेच हमोंग मात्र गरीब राहिले नाहीत. डोंग वानजवळ सा फिन येथे वुओंग चिन डुक या हमोंग सरदाराचा दगडी वाडा आहे. त्याच्या खांबांच्या तळाचे दगड खसखशीच्या बोंडाच्या आकाराचे कोरले आहेत. वैभव कशातून आले, ते धन्याने लपवलेले नाही.

पुढे राज्ये बदलली. 1954 साली फ्रेंच हरले. सहकारी शेतीच्या काळात खाजगी व्यापार आखडला. 1979 साली चीनशी लढाई होऊन लाओ काय गाव उद्ध्वस्त झाले आणि सरहद्द बंद पडली. 1991 नंतर ती पुन्हा उघडली. 1986 पासून सरकारने व्यापार मोकळा केला होता, पण 1993 पासून अफूच्या पिकावर बंदी आली. रोख पैशाचे जुने साधन गेले. त्याची जागा काही ठिकाणी जंगलाच्या सावलीत होणाऱ्या मोठ्या वेलचीने घेतली. आपल्या मसाल्यातल्या मोठ्या वेलचीचीच ती जातभाई. आणि त्याच सुमारास दुसरे एक गिऱ्हाईक बाजारात आले. ते म्हणजे प्रवासी.

प्रवासी मीठ घेत नाही, म्हैस घेत नाही. तो कापड घेतो आणि छायाचित्र घेतो. मधमाश्यांच्या मेणाने कापडावर नक्षी रेखायची, मग ते निळीत बुडवायचे, ही हमोंग बायकांची जुनी कला. आमची पुस्तके फार पूर्वी नदी ओलांडताना वाहून गेली, अशी एक कथा हमोंग सांगतात. कित्येकांची समजूत अशी, की हरवलेली अक्षरे या नक्षीत उरली आहेत. आता चिनी कारखान्यांत छापलेले तसेच कापड बाजारात स्वस्त मिळते आणि हमोंग बायकाही ते घेतात. भांग पेरून, सूत काढून, विणून, रंगवून एक घागरा व्हायला महिनेच्या महिने लागतात, हे ध्यानात घेतले, तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

खरी अडचण वेगळी आहे. सा पा गावी शनिवारी रात्री झाओ जमातीची तरुण मुले-मुली जमत, गाणी म्हणत, एकमेकांना पसंत करीत. प्रवाशांना त्याचा सुगावा लागला. कॅमेऱ्यांचे दिवे चमकू लागले, आणि तरुणांनी तिथून पाय काढता घेतला. मग त्या नावाचा कार्यक्रम करून दाखवण्याची वेळ आली. त्याच गावचा जुना बाजार 2014 च्या सुमारास मध्यवस्तीतून हलवून लांब नव्या इमारतीत नेला. लहान मुली शाळा सोडून प्रवाशांच्या मागे पिशव्या विकत फिरतात, ही गोष्ट शिक्षकांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. दुसरी बाजूही आहे. त्यांतल्याच काही मुली ऐकून ऐकून इंग्रजी शिकल्या आणि आज वाटाड्या म्हणून स्वतःची कमाई करतात. आपल्या लोकांची माहिती त्या आपल्या तोंडाने सांगतात. पूर्वी दलालाखेरीज डोंगराचा माल खाली जात नसे. निदान या कामात तरी दलाल थोडा बाजूला सरला.

मीठ, चांदी, अफू, कापड आणि आता प्रवासी. माल बदलला, प्रश्न तोच राहिला : भाव कोण ठरवणार? डोंगरावरचा माणूस स्वतःच्या गरजेने बाजारात येतो, पटले तर देतो, नाही तर माल घेऊन परत चढतो, तोवर तो बाजार त्याचा आहे. ज्या दिवशी तो केवळ दिसण्यासाठी येऊन बसेल, त्या दिवशी बाजार उठला असे समजावे, मग गर्दी कितीही असो. बाक हाला अजून म्हशी विकल्या जातात, फाळ विकले जातात. दुपारी प्रवाशांच्या मोटारी निघून गेल्या, तरी कढईभोवतीची माणसे उठत नाहीत. माहेरची खबर अजून पुरती सांगून झालेली नसते.