खाद्यातले औषध : कोंबडीपालन आणि प्रतिजैविक-रोध

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील कोंबडीपालन परसातल्या जोडधंद्याचे रूप टाकून कारखानदारीच्या वाटेला लागले, तेव्हा त्याच्यापुढची एक मोठी अडचण खाद्याच्या खर्चाची होती. मका आणि सोयापेंड स्वस्त असली तरी केवळ त्यांवर पिल्ले नीट वाढत नसत आणि मासळीची कुटी किंवा यकृताचा अर्क यांसारखे प्राणिज पूरक खाद्य महाग पडे. या प्राणिज पदार्थांतला निर्णायक घटक म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व, हे १९४८ मध्ये स्पष्ट झाल्यावर त्याच्या स्वस्त स्रोताचा शोध सुरू झाला. न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ली प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांनी या शोधात आपल्याच कंपनीच्या कारखान्यातला चोथा पिल्लांना चारून पाहिला. ऑरिओमायसिन, म्हणजे बेंजामिन डगर यांनी मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळवलेले नवे प्रतिजैविक, काढून घेतल्यावर उरणारा हा चोथा होता. तो खाणारी पिल्ले यकृताचा अर्क खाणाऱ्या पिल्लांहूनही वजनदार भरली. हे केवळ जीवनसत्त्वाने होणे शक्य नव्हते. चोथ्यात अंशमात्र राहिलेले प्रतिजैविकच वाढीला कारण होत असल्याचे दिसून आले आणि १९५० च्या एप्रिलमध्ये ही वार्ता जगजाहीर झाली.

पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पशुखाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास मान्यता दिली आणि त्यासाठी पशुवैद्याच्या चिठ्ठीची अट ठेवली नाही. टनभर खाद्याला काही ग्रॅम एवढेच औषध पुरे होई. नेमकी याच अल्प मात्रेत धोक्याची मुळे होती. रोग बरा करण्यासाठी दिलेली पूर्ण मात्रा ठरावीक दिवसांनी थांबते. खाद्यातली मात्रा मात्र रोज पोटात जाते, ती आतड्यातील औषधाला बळी पडणारे जीवाणू हटवते आणि ज्यांच्यात ते सोसण्याची क्षमता आधीच आहे अशा मोजक्या जीवाणूंना मोकळे रान देते. या क्षमतेला प्रतिजैविक-रोध म्हणतात. स्टार आणि रेनॉल्ड्स या कॅलिफोर्नियातील संशोधकांनी स्ट्रेप्टोमायसिन खाऊ घातलेल्या टर्की पक्ष्यांत असे जीवाणू वाढल्याचे १९५१ मध्येच, म्हणजे मान्यतेच्याच वर्षी, प्रसिद्ध केले होते. त्यामुळे धोका उशिरा कळला असे म्हणण्यास इतिहासाचा आधार नाही.

पुढे जपानी संशोधकांनी आमांशाच्या जीवाणूंचा अभ्यास करताना ही क्षमता एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीच्या जीवाणूकडेही, जाऊ शकते हे दाखवले. ती वाहून नेणाऱ्या, मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या वर्तुळाकार तुकड्याला प्लास्मिड म्हणतात. एकाच प्लास्मिडवर अनेक औषधांचा रोध एकत्र असू शकतो, त्यामुळे एका औषधाच्या वापराने इतर औषधेही निकामी होतात. या ज्ञानाचा कोंबड्यांच्या खुराड्याशी थेट संबंध जोडला तो स्टुअर्ट लेव्ही यांच्या मॅसॅच्युसेट्समधील प्रयोगाने, जो १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका शेतावरील कोंबड्यांना टेट्रासायक्लिनयुक्त खाद्य सुरू केल्यावर आठवड्याभरात त्यांच्या आतड्यातले जवळजवळ सर्व जीवाणू त्या औषधाला दाद देईनासे झाले. पाच-सहा महिन्यांनी त्या शेतावर राहणाऱ्या माणसांच्या दर आठवड्याला तपासलेल्या विष्ठा-नमुन्यांपैकी ३१.३ टक्के नमुन्यांत ८० टक्क्यांहून अधिक जीवाणू रोधक्षम आढळले. शेजाऱ्यांच्या नमुन्यांत हे प्रमाण ६.८ टक्के होते. या अभ्यासाला पशु-औषध उद्योगाच्याच संघटनेने पैसा पुरवला होता, ही बाब त्याच्या निष्कर्षांचे वजन वाढवणारी आहे.

ब्रिटनमध्ये स्वान समितीने १९६९ मध्येच माणसांच्या उपचारातील औषधे वाढीसाठी खाद्यात घालू नयेत अशी शिफारस केली होती. शिफारस योग्य होती, पण तिच्यात एक फट राहिली. माणसांना न दिले जाणारे ॲव्होपार्सिन युरोपातील खाद्यात बिनदिक्कत वापरले गेले, आणि त्याची रासायनिक घडण व्हँकोमायसिन या रुग्णालयांतील अखेरच्या आधाराच्या औषधाशी जुळणारी निघाली. डेन्मार्कने १९९५ मध्ये आणि युरोपीय संघाने १९९७ मध्ये ते थांबवले. वाढीसाठीची उरलीसुरली प्रतिजैविकेही संघाने २००६ पासून बंद केली. अमेरिकेत १९७७ मध्ये मांडलेला पेनिसिलिन व टेट्रासायक्लिनवरील निर्बंधांचा प्रस्ताव काँग्रेसच्या दबावाखाली अडकून पडला आणि मानवी उपचारांत महत्त्वाच्या प्रतिजैविकांचा वाढीसाठीचा वापर तेथे थांबायला २०१७ उजाडावे लागले. चाळीस वर्षांच्या या विलंबाचे समर्थन करणे कठीण आहे.

रोगोपचारही या प्रश्नातून सुटत नाही. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये आजारी कोंबडी वेगळी काढून औषध देणे अव्यवहार्य असल्याने ते पिण्याच्या पाण्यातून सगळ्या कळपाला दिले जाते. एन्रोफ्लॉक्सासिन अशा रीतीने दिल्याने कॅम्पिलोबॅक्टर या अतिसार घडवणाऱ्या जीवाणूत रोध वाढला. म्हणून अमेरिकेने कोंबड्यांसाठीची त्याची परवानगी २००५ मध्ये काढून घेतली. चीनमध्ये कोलिस्टिनचा रोध प्लास्मिडवर आढळल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर चिंता अधिक गडद झाली, कारण इतर औषधे हरल्यावर डॉक्टर ज्याकडे वळतात ते हे औषध आहे. भारतातही ते कोंबड्यांसाठी वापरले जात होते. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता, कोंबडीपालनासह, त्याचे उत्पादन, विक्री आणि वितरण यांवर बंदी घातली. माणसांसाठीच्या कोलिस्टिनसोबतच्या माहितीपत्रकावर ते अशा प्राण्यांसाठी वापरू नये अशी ठळक सूचना छापणेही त्याच आदेशाने उत्पादकांना बंधनकारक झाले.