साडेत्रेसष्ट अंशांचं आकाश

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मुलुंडच्या या घरात आम्ही १९७८ साली राहायला आलो. तेव्हापासून दर जुलैत आमच्या मागच्या खोलीच्या कोपऱ्यात ओल येते. आधी पिवळसर डाग, मग रंगाचे पोपडे, मग काळे ठिपके. ऑगस्टपर्यंत कपाटातल्या चामडी चपलांना बुरा धरतो आणि खोली उघडली की कुबट वास येतो. आमच्या घरी दमा आहे. त्यामुळे हा वास म्हणजे आमच्यासाठी पावसाळ्याची गंमत नाही, औषधाच्या खर्चाची सूचना आहे. रंगारी झाला, प्लंबर झाला, गच्चीवर वॉटरप्रूफिंग झालं. डाग दोन वर्षं गेला आणि परत आला.

आता आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरतो आहे. विकासकाच्या आर्किटेक्टनं सभेत नकाशे दाखवले. सभासदांनी विचारायचं ते सगळं विचारलं: कार्पेट एरिया किती वाढणार, पार्किंग कुणाला, कॉर्पस किती, भाडं किती महिन्यांचं. मी विचारलं, "घरात ओल आणि बुरशी किती असावी, याचं सरकारी मानक काही आहे का?" सभेत हशा पिकला. प्रश्न मी निम्मा थट्टेनंच विचारला होता. पण आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे घरी आल्यावर स्वस्थ बसवेना.

शोधल्यावर कळलं ते असं. आपल्याकडे बाहेरच्या हवेची मानकं आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ साली बारा प्रदूषकांच्या मर्यादा ठरवून दिल्या. घराच्या आतल्या बुरशीला मात्र कायद्यानं बांधलेली मर्यादा नाही. ती मोजावी कशी आणि काढावी कुणी, याचेही सक्तीचे नियम नाहीत. पण याच शोधात दुसरी एक गोष्ट हाती लागली. दमट, कोंदट खोलीविरुद्धचं एक मोजमाप या शहरात शंभर वर्षांपूर्वी होतं, आणि ते अंशांत होतं.

त्यासाठी प्लेगपर्यंत मागं जायला हवं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत निम्मी मुंबई गाव सोडून पळाली. त्या वेळी डॉक्टरांचा आणि साहेबांचा समज असा, की रोग घाणीतून, अंधारातून आणि ओलीतून येतो. मग उपायही तसेच झाले. गटारं समुद्राच्या पाण्यानं धुतली, घरांना चुना फासला, कौलं काढून छपराला भोकं पाडली, कारण ऊन आत आलं पाहिजे. ज्या घरात माणसानं राहू नये असं ठरलं, त्याच्या भिंतीवर तीन इंग्रजी अक्षरं रंगवली जात: यू, एच, एच. म्हणजे मनुष्यवस्तीला अयोग्य. ज्यांची घरं अशी रंगवली गेली त्यांच्यावर काय गुदरलं असेल, ते वेगळं सांगायला नको. पोलीस आणि सैनिक घरात शिरत, आजाऱ्याला उचलून नेत. १८९७ च्या साथरोग कायद्यानं त्याला अधिकारही दिला.

गंमत अशी, की निदान चुकीचं होतं. प्लेग ओलीतून येत नाही. तो उंदरावरच्या पिसवांतून येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ साली कराचीत दाखवलं आणि ते सर्वांना पटायला आणखी काही वर्षं गेली. पण त्याच १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तो मात्र त्या जुन्याच समजावर. दाट वस्ती फोडायची, समुद्राचा वारा आत घ्यायचा. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्याच विचारातून काढले गेले. ट्रस्टनं सुरुवातीला घरं पाडली जास्त आणि बांधली कमी. बेघर झालेली माणसं शेजारच्या चाळींत दाटीवाटीनं शिरली. म्हणजे एका गल्लीतला अंधार हटवून दुसरीत भरला. ट्रस्टच्या चाळी, आपण ज्यांना बीआयटी चाळी म्हणतो, त्या पुढे उभ्या राहिल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्याची कितीतरी वर्षं परळच्या अशाच चाळीत गेली.

या ट्रस्टचे एक अध्यक्ष होते जे. पी. ऑर. सनदी अधिकारी, पण डोकं भूमितीच्या मास्तराचं. मुंबईतल्या घरांतला उजेड आणि हवा, एवढ्याच विषयावर त्यांनी १९१२ साली भाषण दिलं आणि ते छापलंही गेलं. 'उजेड पुरेसा हवा' असं म्हणून ते थांबले नाहीत. पुरेसा म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून वर साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात एक रेषा काढा. समोरची इमारत त्या रेषेच्या वर जाता कामा नये. झालं मानक!

साडेत्रेसष्टच का, असं तुम्हाला वाटेल. शाळेतली त्रिकोणमिती आठवा. या कोनात उंची अंतराच्या बरोबर दुप्पट होते. दोन इमारतींत दहा फूट मोकळी जागा असेल, तर तळमजल्याच्या खोलीसमोर वीस फुटांपर्यंत भिंत चालेल. त्यापुढे चढवायची असेल तर मागं सरका. पंचेचाळीस अंशांचा नियम केला असता तर उंची आणि अंतर सारखं ठेवावं लागलं असतं, आणि मुंबईतल्या जमिनीच्या भावात ते कुणालाच झेपलं नसतं. म्हणून ही तडजोड. पण ती मोजता येणारी तडजोड होती. गवंड्याला समजेल, भाडेकरूला दोरी धरून तपासता येईल आणि घरमालकाला नाकारता येणार नाही, अशी. दादर-माटुंग्याच्या ट्रस्टच्या वसाहतींत आजही दोन इमारतींमधून जे आभाळ दिसतं, त्यात या कोनाचा वाटा आहे.

आता कुणी म्हणेल, हा उजेडाचा नियम झाला, बुरशीचा कुठे? तर बुरशी मोजायला गेलेल्यांचं काय झालं, ते पाहू.

बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतात. मुंबईच्या पावसाळी हवेत तर खिडकी उघडली की येतातच. आत येणं त्यांना सोपं, रुजणं मात्र पाण्यावर अवलंबून. भिंत दिवसेंदिवस ओली राहिली, तर रंग, लाकूड, कागद, धूळ हे त्यांचं अन्न. भिंत वाळली की वाढ थांबते. म्हणून हवेतले बीजाणू मोजून 'इतके चालतील, इतके नाही' असं म्हणणं फार अवघड ठरलं. कॅलिफोर्नियानं २००१ साली कायदा करून आपल्या आरोग्य खात्याला मर्यादा ठरवता येतात का ते पाहायला सांगितलं. २००५ मध्ये खात्यानं कळवलं, की शास्त्राच्या आधारे आकडा देता येत नाही. न्यूयॉर्क शहरानं १९९३ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांच्या पुढच्या आवृत्तीत व्यवहारी मार्ग होता: डाग किती चौरस फुटांचा, ते बघा. दहा चौरस फुटांच्या आत असेल तर इमारतीचे साधे कामगार साफ करतील, शंभराच्या वर असेल तर तज्ज्ञ बोलवा. आणि आधी पाणी कुठून येतं ते बंद करा. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये ओल आणि बुरशीवर ग्रंथच काढला. त्यातही आकडा नाही; सांगणं एवढंच, की ओलसर घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार आणि दमा जास्त होतो, तेव्हा ओल टिकू देऊ नका.

ब्रिटननं तर बुरशीऐवजी दिवस मोजायला घेतले. रॉचडेल गावात अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये दगावला. सामाजिक संस्थेच्या भाड्याच्या घरात बुरशी होती, आईवडील तक्रारी करत होते. मृत्यूचं कारण घरातली बुरशीच, असा निष्कर्ष चौकशीत २०२२ साली निघाला. त्याच्या नावानं ओळखला जाणारा कायदा २०२३ साली झाला आणि २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. ओल-बुरशीचा गंभीर धोका कळवला की घरमालकानं दहा कामकाजाच्या दिवसांत तपासणी करायची आणि तातडीचा धोका असेल तर चोवीस तासांत हलायचं.

जाता जाता एक खुलासा. २०२१ मध्ये कोविडनंतर 'काळी बुरशी' हा शब्द घरोघरी पोचला आणि आमच्या मजल्यावरच्या एका बाईंनी घाबरून रात्रीतून भिंत खरवडली. म्युकरमायकोसिस आणि भिंतीवरचा काळा डाग ही वेगळी प्रकरणं आहेत. डाग बहुधा निराळ्याच बुरशींचा असतो. घाबरायचं कारण नव्हतं. पण भिंत ओली का, हे विचारायचं कारण तेव्हाही होतं.

आता आपल्या उपनगरांकडे येऊ. साष्टीतली ही गावं मोकळ्या हवेसाठी नावाजलेली. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला, १९५० मध्ये अंधेरी-घाटकोपर आणि १९५७ मध्ये बोरिवली-मुलुंड महापालिकेत आले. आमच्यासारखी माणसं गिरगावातून, दादरहून इकडे आली ती उजेडासाठीच. खिडकीसमोर नारळ, पलीकडे डोंगर. ओल होती, पण ऑक्टोबरचं ऊन आत येऊन ती वाळवायचं. पुढे मोकळी जागा भरत गेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कलिन्याला माझ्या मावसभावाच्या तळमजल्यात कमरेइतकं पाणी होतं. पाणी दोन दिवसांत गेलं. भिंती दिवाळीपर्यंत ओल्या होत्या, कारण शेजारची इमारत इतकी जवळ, की ऊन पोचायला वाटच नव्हती. त्या वर्षी लेप्टोस्पायरोसिसची खूप चर्चा झाली. भिंतींबद्दल कुणी बोललं नाही.

याचं टोक पाहायचं तर गोवंडी-मानखुर्दला जावं. रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत उठवलेल्या झोपडपट्टीवासीयांसाठी तिथं नटवर पारेख कंपाऊंड आणि लल्लूभाई कंपाऊंड या वसाहती बांधल्या. सात मजल्यांच्या इमारतींच्या रांगा आणि मधलं अंतर साधारण तीन मीटर. ऑरच्या हिशेबानं तीन मीटरला सहा मीटर उंची, म्हणजे दोन मजले! पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेत सवलत होती, ती अशी वापरली गेली. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेनं आयआयटी मुंबईच्या संशोधकांच्या साथीनं २०१८ मध्ये तिथली पाहणी प्रसिद्ध केली. जवळच्याच, तुलनेनं मोकळ्या पीएमजीपी वसाहतीपेक्षा इथं क्षयाचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं आणि त्यातही खालच्या मजल्यांवर अधिक. क्षय हा बुरशीचा रोग नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण ज्या खोलीत ऊन नाही, वारा नाही, भिंत वाळत नाही, ती खोली जंतूंनाही मानवते आणि बुरशीलाही. प्लेगच्या बाबतीत चुकलेला तो जुना समज इथं मात्र खरा ठरला.

मग मी एका संध्याकाळी नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन आमच्या नव्या इमारतीचा नकाशा पसरला. दुसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीसमोर दुसरी विंग. अंतर नऊ मीटर. समोरची भिंत त्या मजल्यापासून वर साठ मीटर. कोन आला एक्क्याऐंशी अंशांच्या वर.

पुढच्या सभेत हे मांडलं. आर्किटेक्ट सभ्य मुलगा. म्हणाला, "काका, हे सगळं नियमात बसतं. मोकळी जागा कमी पडली तर महापालिका प्रीमियम घेऊन सवलत देते, सगळीकडे असंच होतं." तो खोटं बोलत नव्हता, प्रीमियमची तरतूद आहेच. तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे, पण ते इमारत उभी राहील का एवढंच विचारतं. मी म्हटलं, "प्रीमियम महापालिकेला मिळणार. खालच्या चार मजल्यांना काय मिळणार?" कुणी हसलं नाही या वेळी. तळमजल्यावरच्या एक आजी म्हणाल्या, "मग वरचे मजले कुणाला, तेही आत्ताच सांगा." लॉटरी आहे, सेक्रेटरी म्हणाले.

शेवटी दोन विंगमधलं अंतर वाढवल्यास प्रत्येकाचं किती चौरस फूट कमी होईल, याचा हिशेब विकासकाकडून मागवायचं ठरलं. इतिवृत्तात तसं नोंदवलं आहे. पुढची सभा गणपतीनंतर आहे. मागच्या खोलीतला डाग या वर्षी जूनमध्येच आला.