पहारा आणि पथ्य

कोल्हापूरचा नवा राजवाडा बघायला पाहुणे आले, की मी त्यांना एक गोष्ट हमखास सांगतो. हा वाडा १८८४ मध्ये पुरा झाला. पण ज्यांच्या कारकिर्दीत तो उभा राहिला, ते चौथे शिवाजी महाराज तो बघायला उरले नव्हते. १८७१ मध्ये दत्तक आलेल्या या राजाला वेड लागलं, असं इंग्रज सरकारनं ठरवलं आणि त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. तिथे २५ डिसेंबर १८८३ रोजी गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत ते गेले. वय अवघं वीस. कारभारी बर्वे महाराजांचा छळ करतात, असं छापल्याबद्दल टिळक-आगरकरांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले होते.

महाराज खरोखर आजारी होते का, हा वाद वेगळा. मला बोचतं ते हे, की राजाच्याही वाट्याला उपचार म्हणून पहाराच आला.

वास्तविक मनाच्या आजाराचा आहाराशी संबंध जोडणं आपल्याला नवं नाही. उन्माद आणि अपस्मार यांवर चरकसंहितेत औषधी तुपं सांगितली आहेत. पुढे १९२१ मध्ये अमेरिकेत डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी, म्हणजे फेफऱ्यासाठी, ‘कीटोजेनिक’ आहार सुचवला. त्यात स्निग्ध पदार्थ भरपूर आणि पिष्टमय पदार्थ अगदी थोडे. मग यकृत चरबीपासून कीटोन तयार करतं आणि मेंदू साखरेऐवजी बराचसा त्यांच्यावर चालतो. नवी औषधं आल्यावर हा आहार मागे पडला. मुलांच्या हट्टी फेफऱ्यावर मात्र तो आजही देतात.

फेफऱ्यावरची काही औषधं मनाच्या आजारातही चालतात. मग हा आहार का चालू नये? २०२४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठानं स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजाराच्या २१ रुग्णांना तो चार महिने दिला. औषधं चालूच होती. बऱ्याच जणांना आराम वाटला, वजनही उतरलं. पण रुग्ण मोजके, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. म्हणजे ही आशा आहे, सिद्धता नव्हे.

आपल्याकडे तर हे पथ्य अवघडच. तांबडा-पांढरा रस्सा एक वेळ चालेल, पण भाकरी, भात आणि गूळ सुटला! शिवाय डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते करू नये, आणि गोळ्या तर परस्पर मुळीच बंद करू नयेत.

तरीही मला बरं वाटतं. ज्या आजाराला एके काळी किल्ल्याचा दरवाजा लावून घेत, त्याच्या माणसाला आज आपण निदान विचारतो आहोत, बाबा, जेवलास काय?