नाव बदललं, पिन तोच

२४ फेब्रुवारी २०२३. शहराच्या नव्या नावाला केंद्राची मंजुरी मिळाल्याची बातमी मोबाईलवर आली, तेव्हा मी उस्मानपुऱ्यातल्या खोलीत कोड लिहीत बसलो होतो. नावावर वाद घालायला टपरीवर पुरेशी मंडळी होती. माझ्यापुढचा प्रश्न वेगळाच होता: 'औरंगाबाद' हा शब्द मी कुठे कुठे लिहून ठेवलाय?

तीन दुकानांसाठी मी बिलिंगची वेब अ‍ॅप्स केली होती. पत्ता छापणारा कोड एकदा लिहिला आणि तिन्हीकडे कॉपी-पेस्ट केला. नवं नाव दोन ठिकाणी टाकलं, तिसरं राहून गेलं. काही आठवड्यांनी बियाण्यांच्या दुकानाच्या काकांचा फोन आला. "बिलावर एक गाव, ट्रान्सपोर्टच्या पावतीवर दुसरं. गिऱ्हाईक माल उतरवून घेईना. नाव सरकारनं बदललं, तू माझं दुकान कशाला हलवलंस?"

मी सॉरी म्हणालो. ते हसले नाहीत.

खरं तर या शहरात राहणाऱ्यानं ही चूक करायलाच नको होती. मलिक अंबरनं १६१० मध्ये वसवलं ते खडकी. त्याच्या मुलानं फतेहनगर केलं. १६५३ मध्ये औरंगाबाद झालं. जे बदलत आलंय ते बदलणारच, हे धरूनच कोड लिहायचा असतो.

हे डेव्हिड पार्नास यांनी डिसेंबर १९७२ मध्ये एका निबंधात मांडलं होतं. कामाच्या पायऱ्यांप्रमाणे प्रोग्रॅमचे तुकडे पाडू नका. जो निर्णय पुढे बदलू शकतो, तो एका मॉड्यूलच्या आत झाकून ठेवा. बाहेरच्यांना तो दिसताच कामा नये.

योगायोग असा, की त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्याकडे पिन कोड सुरू झाला. तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी अधिकाऱ्यानं. संस्कृत पंडित म्हणूनही त्यांचं नाव मोठं. एकाच नावाची अनेक गावं, हजार हस्ताक्षरं, वेगवेगळ्या भाषा, त्यात पत्रं चुकायची. औरंगाबाद बिहारमध्येही आहेच. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. शहराचं नाव बदललं, ४३१००१ तसाच राहिला.

मग मी तिन्ही अ‍ॅप्स एका प्रोजेक्टमध्ये आणली आणि पत्त्याचा कोड एका सामायिक फोल्डरमध्ये हलवला. लगेच पन्नासेक फाईल्स लाल झाल्या: मॉड्यूल सापडत नाही. कारण प्रत्येक इम्पोर्टचा पाथ '../../../' असा होता. म्हणजे इथून मागे जा, आणखी मागे, आणखी मागे. क्रांती चौकात उभ्या असलेल्याला सांगितलेला रस्ता स्टेशनवरून निघालेल्याच्या काय कामाचा?

हा घोळ वेबपेक्षा जुना आहे. केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर १९४९ पासून सबरूटीन भोकं पाडलेल्या कागदी फितींवर जपून ठेवत आणि पुन्हा पुन्हा वापरत. सबरूटीन मेमरीत कुठेही उतरवलं, तरी आतले पत्ते त्या जागेप्रमाणे आपोआप जुळावेत, अशी सोय तरुण डेव्हिड व्हीलर यांनी करून ठेवली होती. उलट, १९९५ मध्ये जन्मलेल्या जावास्क्रिप्टला स्वतःचं 'इम्पोर्ट' मिळायला २०१५ उजाडलं.

माझी दुरुस्ती छोटी होती. कॉन्फिग फाईलमध्ये एक टोपणनाव दिलं: '@' म्हणजे मुख्य सोर्स फोल्डर. आता कुठल्याही फाईलमधून '@' पासून सुरू होणारा पाथ तोच राहतो. सामायिक फोल्डरला इंडेक्स फाईलचं एकच दार ठेवलं. आतली मांडामांड बाहेर कळत नाही. शहराचं नाव एका फाईलमध्ये, एकदाच. बाकीचा कोड पिन देतो आणि नाव मागून घेतो.

तरी सर्व्हरवर अ‍ॅप पडलंच. एका फाईलच्या नावात कॅपिटल अक्षर होतं, इम्पोर्टमध्ये स्मॉल. माझ्या विंडोज लॅपटॉपला ते चालत होतं, लिनक्सला नाही. तेही निस्तरलं.

सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचं नावही बदललं. या वेळी मी एका फाईलमधली एक ओळ बदलली आणि जेवायला गेलो. काकांचा फोन आला नाही.