भौमितिक सांतत्य : संगणकीय आरेखनातील वक्रांची व पृष्ठांची जुळणी

दोन वक्र किंवा दोन पृष्ठे जिथे एकमेकांना भेटतात, तिथला सांधा किती बेमालूम आहे हे ठरवण्याचे मोजमाप म्हणजे भौमितिक सांतत्य. मोटारीचे बॉनेट, इस्त्रीची मूठ किंवा शाम्पूची बाटली यांचा आकार एका समीकरणात मावत नाही. तो अनेक तुकड्यांतून रचावा लागतो, आणि तुकडे आले की सांधे येतात. हे सांधे हाताला आणि डोळ्याला जाणवू नयेत यासाठी आरेखन-प्रणालींमध्ये जुळणीच्या खास आज्ञा असतात. उदाहरणार्थ, एलियसमधील ‘अलाइन’ किंवा राइनोमधील ‘मॅचसर्फ’.

जुळणीच्या पायऱ्या जी-०, जी-१, जी-२, जी-३ अशा नावांनी ओळखल्या जातात. जी-० मध्ये दोन टोके एका बिंदूत मिळतात, एवढेच. तिथे कोपरा असू शकतो. जी-१ मध्ये त्या बिंदूशी दोन्ही वक्रांची स्पर्शिका एकच असते, म्हणून कोपरा नाहीसा होतो. जी-२ मध्ये वक्रताही समान असते, तर जी-३ मध्ये वक्रता बदलण्याचा दरसुद्धा जुळतो.

यांतला खरा उंबरठा जी-१ आणि जी-२ यांच्यामध्ये आहे. सरळ रेषेला १० मिलिमीटर त्रिज्येचा कंस स्पर्शून जोडला, तर नुसत्या रेषेकडे पाहताना जोड निर्दोष वाटतो. वक्रता म्हणजे त्रिज्येचा व्यस्त. रेषेवर ती शून्य असते आणि कंसावर पाऊल ठेवताच एकदम दर मिलिमीटरला ०.१ होते. ही उडी रेल्वेमार्गावर अंगाला जाणवते. सरळ रूळ थेट वर्तुळाकार वळणाला जोडले, तर प्रवाशाला बाजूचा रेटा एका क्षणात पूर्ण जोराने बसेल. म्हणून मध्ये संक्रमण वक्र घालतात आणि त्यावर वक्रता शून्यापासून हळूहळू वाढवत नेतात. भारतीय रेल्वे यासाठी घनीय अन्वस्त वापरते. चकचकीत पत्र्यावर हाच धक्का डोळ्याला बसतो : प्रतिबिंब सांध्यापाशी मोडलेले दिसते.

वक्रतेची ही काळजी संगणकाच्या आधीपासून घेतली जात होती. जहाजबांधणीच्या आरेखनगृहांत लाकडाची लवचीक पातळ पट्टी शिशाच्या वजनांनी ठिकठिकाणी दाबून धरत आणि तिच्या कडेने रेघ ओढत. या पट्टीला स्प्लाइन म्हणत. वजनांच्या मधली पट्टी कमीत कमी वाकण्याचा मार्ग स्वतःच शोधते आणि तिची वक्रता कुठेही उडी घेत नाही. म्हणजे जी-२ ही अट तिच्या स्वभावातच होती. संगणकासाठी हे काम गणिताला करावे लागले. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये वक्राचा आकार ठरवणाऱ्या नियंत्रणबिंदूंवरून वक्र काढण्याची रीत बसवली, पण कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनो कंपनीतील पियेर बेझिए यांनी त्याच प्रकारच्या वक्रांवरचे काम १९६० च्या दशकात प्रसिद्ध केले, आणि वक्राला नाव त्यांचे मिळाले. आज सर्वत्र वापरले जाणारे वक्रांचे नर्ब्ज हे रूप केनेथ व्हर्सप्रिल यांनी सिरॅक्यूज विद्यापीठातील १९७५ च्या प्रबंधात मांडले.

बेझिए वक्राचे टोक कसे वागेल हे त्या टोकाकडच्या मोजक्या नियंत्रणबिंदूंवर ठरते. पहिला बिंदू म्हणजे टोकाचे स्थान. पहिल्या व दुसऱ्या बिंदूंना जोडणारी भुजा स्पर्शिकेची दिशा देते. वक्रता ठरवायला तिसरा बिंदू लागतो : तृतीय घाताच्या वक्रात टोकाची वक्रता ही तिसऱ्या बिंदूचे स्पर्शिकेपासूनचे लंबांतर भागिले पहिल्या भुजेचा वर्ग, गुणिले दोन-तृतीयांश एवढी असते. समजा शेजारच्या वक्राची त्रिज्या १०० मिलिमीटर आहे आणि पहिली भुजा ३० मिलिमीटर ठेवली. मग तिसरा बिंदू स्पर्शिकेपासून बरोबर १३.५ मिलिमीटरवर हवा. भुजा ६० केली तर हे अंतर चौपट, म्हणजे ५४ मिलिमीटर होते. तिसरा बिंदू स्पर्शिकेला समांतर सरकवला तर वक्रता बदलत नाही. आरेखकाला मोकळीक मिळते ती इथेच, आणि आकाराचे वळण तो याच मोकळिकीतून साधतो.

दोन्ही टोकांना जी-१ हवे असेल तर चार बिंदू, म्हणजे तृतीय घात पुरतो. दोन्हीकडे जी-२ हवे आणि एका टोकाचा बदल दुसऱ्याला लागू नये असे वाटत असेल, तर प्रत्येक टोकाला तीन असे सहा बिंदू, म्हणजे पंचम घात लागतो. जी-३ साठी हाच हिशेब सप्तम घातावर जातो.

या मालिकेपासून सी-१, सी-२ ही प्राचलिक सांतत्ये वेगळी धरावीत. ती वक्रावरून जाणाऱ्या बिंदूचा वेगही जुळवायला सांगतात. भौमितिक सांतत्य फक्त मागे उरलेल्या आकाराकडे पाहते. आकार घडवणाऱ्याला बहुतेकदा भौमितिक सांतत्यच पुरते.

पृष्ठांच्या बाबतीत सांधा बिंदूत नसून संपूर्ण कडेवर असतो, आणि अडचणी तिथून सुरू होतात. जी-१ साठी कडेच्या प्रत्येक बिंदूवर दोन्ही पृष्ठांचे स्पर्शप्रतल एकच हवे. नियंत्रणबिंदूंची कडेची ओळ आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या शेजारच्या ओळी यांतील समोरासमोरचे बिंदू एका सरळ रेषेत ठेवले आणि त्यांच्या अंतरांचे गुणोत्तर कडेभर सारखे राखले, तर हे साधते. नवशिक्या आरेखक बिंदू रेषेत आणतो, पण गुणोत्तर विसरतो. मग कडेच्या टोकांशी स्पर्शप्रतले जुळली तरी मध्ये पृष्ठे एकमेकांशी कोन करतात. जी-२ साठी प्रत्येक दिशेची वक्रता जुळावी लागते, हे ऐकायला फार कठीण वाटते. सुदैवाने कडेच्या दिशेची वक्रता आणि स्पर्शप्रतलाचे वळणे जी-१ मुळेच समान झालेले असते. कडेला छेदून जाणाऱ्या एखाद्या दिशेची वक्रता प्रत्येक बिंदूवर जुळली की उरलेल्या सर्व दिशा आपोआप जुळतात.

पृष्ठ कापून तयार झालेल्या कडेशी जुळवताना संगणक अचूक उत्तर देत नाही. कडेचे आणि पृष्ठाचे गणित वेगळे असल्याने तो ठरवलेल्या सहनमर्यादेत, उदाहरणार्थ मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, जवळचे उत्तर शोधतो आणि त्यासाठी नियंत्रणबिंदू वाढवत जातो. सांधा कागदोपत्री साधतो, पण पृष्ठावर बारीक लाटा येतात.

अशा लाटा आणि सांध्यातले दोष पकडण्यासाठी दोन चाचण्या नित्याच्या आहेत. वक्रावर ठिकठिकाणी वक्रतेच्या प्रमाणात लंब दाते उभे केले की एक फणी तयार होते. सांध्यापाशी दाते एकदम लहानमोठे झाले तर जोड जी-१, उंची सारखी राहून दात्यांच्या टोकांची रेघ मोडली तर जी-२, आणि ती रेघही अखंड वाहिली तर जी-३. पृष्ठांसाठी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे प्रतिबिंब पाडतात. त्याला झेब्रा म्हणतात. प्रतिबिंब पृष्ठाच्या अभिलंबावर, म्हणजे पृष्ठाला लंब असलेल्या दिशेवर, अवलंबून असल्यामुळे ते पृष्ठापेक्षा एक पायरी खाली दिसते : जी-० सांध्यावर पट्टे तुटतात, जी-१ वर जोडलेले राहतात पण कोन करतात, जी-२ वर सरळ वाहून जातात. मोटारीच्या बाह्य पृष्ठांना किमान जी-२ का मागतात, याचे कारण हेच.

तरीही झेब्रात स्वच्छ दिसणारा सांधा म्हणजे चांगले पृष्ठ नव्हे. सांतत्य सांध्याबद्दल बोलते. सांध्यापासून दूर पृष्ठाने घेतलेल्या हेलकाव्यांबद्दल ते काहीच सांगत नाही. म्हणून अनुभवी आरेखक जुळणीची आज्ञा देण्याआधी तुकड्यांची मांडणी करतो : शक्यतो चार बाजूंचे तुकडे, कमीत कमी बिंदू, आणि सांधा अशा ठिकाणी जिथे दोन्ही बाजूंचा आकार मुळातच एकमेकांकडे झुकलेला आहे. आधी मोठी शांत पृष्ठे बसवायची, त्यांना जोडणारी अरुंद पृष्ठे नंतर. तीन बाजूंच्या कोपऱ्यात एक कड बिंदूइतकी आक्रसते आणि तिथे अभिलंबच डळमळतो. तिथे मोठे पृष्ठ कोपऱ्यापलीकडे नेऊन कापणे अधिक सुरक्षित ठरते. आतल्या, न दिसणाऱ्या फासळ्यांना आणि ब्रॅकेटांना मात्र जी-१ पुरेसे असते.