ओठ न मिटता लिहायचे: बंधन लेखकाला काय देते?

लेखनातले बंधन म्हणजे लेखकाने आपणहून स्वीकारलेली अट. वृत्त, यमक, शब्दमर्यादा ही ओळखीची बंधने. बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) मात्र याहून कितीतरी अवघड अटी पाळून दाखवल्या. त्यांच्या नावावर १०८ रामायणे सांगितली जातात. त्यांतल्या ‘निरोष्ठ रामायणा’त प, फ, ब, भ, म ही ओठ मिटून उच्चारायची अक्षरे वर्ज्य आहेत. म्हणजे रामायण लिहायचे, पण ‘राम’ म्हणायचे नाही! लक्ष्मण, भरत, मारुती हेही बाद. सीता, दशरथ, जनक तेवढे चालतात. संस्कृतात दंडीने ‘दशकुमारचरिता’च्या एका प्रकरणात हेच केले होते. तिथे निमित्तही गमतीचे आहे: प्रेयसीने चावल्यामुळे कथा सांगणाऱ्याचे ओठ दुखत असतात.

याचा उपयोग काय, हे करून पाहिल्यावर कळते. याच अटीत अक्कलकोटवर चार ओळी लिहा. (काही जण उ आणि व हेही ओठांचे धरतात, आपण ते सोडून देऊ.) गावाचे नाव अटीत बसते; सोलापूर, पंढरपूर बसत नाहीत. पण ‘स्वामी समर्थ’ लिहिता येत नाही. ‘पावन भूमी’, ‘भक्तांचा महापूर’ हेही गेले. या गावाबद्दल लिहिताना हात आपोआप ज्या शब्दांकडे जातो, नेमके तेच. उरते काय? वटवृक्ष, अन्नछत्र, राजवाड्यातले शस्त्रागार, रस्त्यावर कानी पडणारी कानडी. (‘कानडी’ चालते, ‘मराठी’ चालत नाही!) मग एखादे वाक्य असे होते: ‘आजीच्या एका हातात नात, दुसऱ्या हातात नारळ, दोघी वटवृक्षाच्या दिशेने चालतात.’ ‘भक्ती’ हा शब्द हाताशी असता, तर ही आजी कदाचित लिहिलीच गेली नसती.

सगळी बंधने एका जातीची नसतात. आर्येच्या ठरलेल्या मात्रा ऐकणाऱ्याच्या कानालाही साथ देतात. म्हणूनच सोलापूरचे शाहीर राम जोशी, लावण्यांसाठी गाजलेले, पुढे मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून लोकांपर्यंत नेऊ शकले. ओठांची अट मात्र सांगितल्याशिवाय श्रोत्याला कळतही नाही. तिचा फायदा लिहिणाऱ्यालाच, तोही लिहिताना. नंतर ती केवळ कसरत म्हणून मिरवली, तर वाचक कंटाळतो.

त्यामुळे सरावासाठी अट घ्यावी ती लहान, आणि मसुदा झाल्यावर वाक्य जिथे अडते तिथे खुशाल मोडावी. आपली आजी तेव्हा नातीला घेऊन ‘स्वामींकडे’ निघाली तरी चालेल.